पाठीवरचा भोपळा

कॅनडातील फ्रेंच इमर्शन वर्गांत एक प्रघात आहे. बालवर्गाच्या किंवा पहिलीच्या शिक्षिका दर आठवड्याला पालकांना एक पत्रक पाठवतात आणि या आठवड्यात मुले वर्गात काय शिकत आहेत ते त्यात लिहितात. वारांची नावे, बाहेरचे हवामान, शरीराचे अवयव, हिवाळ्यातले कपडे, आठवड्याचे ठरावीक शब्द, एखादे गाणे, एखादी गोष्ट. वरवर पाहता त्यात विशेष काही नाही. विशेष आहे ते हे की यांतली बहुतेक मुले घरी इंग्रजी बोलतात, शाळेचा जवळजवळ सगळा दिवस मात्र फ्रेंचमध्ये काढतात. पत्रक पुष्कळदा इंग्रजीत असते, कारण पालकांनाच फ्रेंच येत नाही.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील कोणत्याही इंग्रजी शाळेच्या बालवर्गातून असेच पत्रक आता पालकांच्या व्हॉट्सॲपवर येते. या आठवड्याचा विषय पाणी, किंवा पावसाळा, किंवा आपले मदतनीस. सोबत शब्दांची यादी, एक इंग्रजी बडबडगीत, रंगवायचे एक चित्र. इथेही मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत दुसऱ्या भाषेत शिकते. दोन्ही पत्रके शेजारी ठेवली तर त्यांतला फरक चटकन ध्यानात येणार नाही. इंग्रजी माध्यमाचे समर्थन करणारे सुशिक्षित पालक नेमका हाच दाखला देतात. कॅनडातली मुले परक्या भाषेत शिकून बिघडत नाहीत, उलट दोन भाषांत तयार होतात, मग आमच्या मुलांनीच काय पाप केले आहे, असा त्यांचा सवाल असतो.

हा सवाल रास्त आहे. आपण मराठीचे शिक्षक त्याला बहुधा भावनेने उत्तर देतो. मातृभाषा म्हणजे आईचे दूध, पावसाला घालवून देणारे इंग्रजी गीत आणि त्याला पैसा देऊन बोलावणारे मराठी गीत, हे सगळे भाषणांतून आता इतक्या वेळा सांगून झाले आहे की ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा ओरखडाही उठत नाही. त्यापेक्षा कॅनडाचा दाखला गंभीरपणे घेऊन तो तपासून पाहावा, असे मला वाटते.

माँट्रियल शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडच्या तीरावर सेंट लॅम्बर्ट नावाचे उपनगर आहे. तेथील काही इंग्रजी भाषक पालक १९६३ च्या सुमारास एकत्र आले. क्युबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच भाषक, पण उद्योग, बँका, वरिष्ठ नोकऱ्या यांवर इंग्रजीचे वर्चस्व. साठच्या दशकात हे चित्र पालटू लागले. फ्रेंच भाषक समाज आपल्या भाषेचा हक्क मागू लागला आणि शेजाऱ्याची भाषा आल्यावाचून आपल्या मुलांना या प्रांतात निभाव लागणार नाही, हे या पालकांना उमगले. शाळेत फ्रेंच हा एक विषय होताच, पण वर्षानुवर्षे तो शिकूनही मुलांना दुकानात चार वाक्ये बोलता येत नव्हती. शाळा मंडळाचा प्रारंभीचा विरोध पचवून या पालकांनी १९६५ साली एक प्रायोगिक बालवर्ग सुरू करून घेतला. मॅक्गिल विद्यापीठातील वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९७२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. निष्कर्ष उत्साहवर्धक होते. फ्रेंच हा केवळ विषय म्हणून शिकणाऱ्यांपेक्षा या मुलांचे फ्रेंच कितीतरी पुढे गेले, गणितासारख्या विषयांत ती मागे पडली नाहीत, आणि सुरुवातीला किंचित मागे राहिलेले त्यांचे इंग्रजी थोड्याच वर्षांत इंग्रजी शाळांतील मुलांच्या बरोबरीला आले.

आपल्याकडचे पालक एवढेच ऐकतात. हे कशामुळे घडले, हा भाग कोणी त्यांना सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वर्गातली सगळी मुले एकाच पायरीवर होती. फ्रेंच कोणालाच येत नव्हते, त्यामुळे न कळण्याची लाज कोणालाच नव्हती. दुसरी गोष्ट, शिक्षिका फ्रेंचमध्ये बोलत असली तरी तिला मुलांची भाषा कळत होती. बालवर्गात मूल इंग्रजीत विचारू शकत होते, ती फ्रेंचमध्ये उत्तर देत होती, मुलाचे म्हणणे कधीच वाया जात नव्हते. तिसरी गोष्ट, मुलांची स्वतःची भाषा शाळेतून हद्दपार झालेली नव्हती. दुसरीपासून इंग्रजीचा तास सुरू होत असे आणि पुढच्या इयत्तांत तिचा वाटा वाढत जात असे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती स्वतःची भाषा इंग्रजी होती. घरी पुस्तके इंग्रजी, रस्त्यावर पाट्या इंग्रजी, बापाचा पगार इंग्रजी. शाळेचे सारे तास फ्रेंचमध्ये गेले तरी त्या भाषेला धक्का लागणे अशक्य होते. लॅम्बर्ट यांनी पुढे सत्तरच्या दशकात यावरूनच द्विभाषिकतेचे दोन प्रकार सांगितले. एक बेरजेची द्विभाषिकता, जिथे पहिल्या भाषेत दुसरीची भर पडते. दुसरी वजाबाकीची, जिथे दुसरी येते ती पहिलीला ढकलून.

आपल्याकडे गावच्या विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधत असत. काठावरून त्याला ढकलण्यात कोणी हयगय करीत नसे, नाकातोंडात पाणीही जाई, पण भोपळा त्याला तरंगत ठेवी आणि हातपाय मारता मारता ते शिके. पुढे एक दिवस भोपळा सोडला जाई. सेंट लॅम्बर्टच्या मुलांना फ्रेंचमध्ये ढकलले होते हे खरे, पण त्यांच्या पाठीला इंग्रजीचा भोपळा घट्ट बांधलेला होता. आपण ढकलणे तेवढे उचलले आणि भोपळ्याला मागासलेपणाचे लक्षण ठरवून काठावरच ठेवून दिले. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी या दोन प्रकारांना दोन वेगळी नावे दिली आहेत. एकाला ते भाषेत मुरवणे म्हणतात, दुसऱ्याला बुडवणे.

मुंबई उपनगरांतल्या इंग्रजी शाळेत वरच्या चार अटींची काय स्थिती असते? पहिलीच्या वर्गात उच्चशिक्षित घरातले मूल असते, ज्याला तिसऱ्या वर्षापासून इंग्रजी गोष्टी वाचून दाखवलेल्या असतात, आणि त्याच्याच बाकावर रिक्षाचालकाचे मूल असते, ज्याच्या घरात इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची अक्षरे. दोघे एका पायरीवर नाहीत. शिक्षिकेला मराठी, हिंदी किंवा गुजराती येत असते, पण ती वर्गात वापरू नये असा पुष्कळ ठिकाणी दंडक असतो. मुलाची भाषा पहिल्या वर्षी तोंडातून काढायची नाही आणि पुढे ती येते तेव्हा पन्नास गुणांच्या विषयाच्या रूपात येते. आणि त्या भाषेची समाजातली प्रतिष्ठा अशी की तिला इजा होणारच नाही, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही. चारपैकी एकही अट पुरी होत नाही, आणि निष्पत्ती मात्र सेंट लॅम्बर्टसारखी हवी.

या आठवड्याचा विषय पाणी, असे वर म्हटले. पाणी उन्हाने वाफ होऊन जाते, हा त्यातला धडा. मराठी घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला या घटनेविषयी बरेच काही आधीच ठाऊक असते आणि ते त्याच्या क्रियापदांत साठवलेले असते. दोरीवरचे कपडे वाळतात. गॅसवरचे दूध आटते. रस्त्यावरचे डबके सुकते. पुसलेली फरशी कोरडी होते. एकाच घटनेची ही चार रूपे त्याची भाषा चार ठिकाणी वेगवेगळी धरते. दूध आटते तेव्हा दाट होऊन मागे काही उरते आणि कपडे वाळतात तेव्हा फक्त पाणी जाते, हा भेद ते मूल कोणी न शिकवता पाळते. शिक्षिकेने नुसते विचारले की दूध आटले तर त्यातले पाणी कुठे गेले, तर वर्गातले निम्मे हात वर होतील. त्यांना विज्ञानाचा पहिला प्रश्न त्यांच्याच शब्दांत भेटलेला असेल. इंग्रजी वर्गात याच मुलाला पाच अक्षरगटांचा एक लांबलचक शब्द मिळतो. तो फळ्यावरून वहीत उतरतो, आईच्या मदतीने पाठ होतो आणि परीक्षेत गाळलेल्या जागेत बसतो. त्या शब्दाची आणि गॅसवरच्या दुधाची गाठ पडतच नाही.

इथे मराठी शाळांच्या कैवाऱ्यांनीही थोडे थांबावे. आपल्या पाठ्यपुस्तकात या घटनेला ‘बाष्पीभवन’ म्हणतात. हा शब्द घाटकोपरच्या चाळीतल्या मुलाला इंग्रजी शब्दाहून फारसा जवळचा नाही. प्रकाशसंश्लेषण, अभिसरण, विषुववृत्त यांचेही तेच. माध्यम मराठी ठेवले की ज्ञान आपोआप मुलाच्या भाषेत आले, असे आपण समजत असू तर ती फसगत आहे. शिकवणारा ‘आटणे’पासून ‘बाष्पीभवना’पर्यंत मुलाचा हात धरून चालत गेला नाही, तर मराठी शाळेतले मूलही पाठांतरच करते. फरक इतकाच की मराठी शाळेत हा रस्ता खुला असतो, चालायचे की नाही ते शिक्षकावर असते. इंग्रजी शाळेत बहुधा रस्त्यावरच पाटी असते की इकडून जाऊ नये. टोरांटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला विचार हाच आहे. एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत सहज नेता येते. समजच झालेली नसेल तर नेणार काय? गप्पांपुरते इंग्रजी मूल वर्षा-दोन वर्षांत उचलते आणि पालक हरखून जातात, पण अभ्यासाची अमूर्त भाषा यायला याच्या कितीतरी पट काळ लागतो, हेही त्यांनीच दाखवून दिले.

या सगळ्याचा भार कोणावर पडतो, हे नीट पाहिले पाहिजे. ज्या घरात दोन भाषांची पुस्तके आहेत, जिथे आई-वडील संध्याकाळी मुलाजवळ बसून धडा मराठीत उलगडून सांगतात, तिथे भोपळा घरचा असतो. शाळेने तो काढून घेतला तरी मूल तरंगते, आणि अशीच मुले पुढे इंग्रजी माध्यमाच्या यशाची उदाहरणे म्हणून दाखवली जातात. ज्या घरात हे नाही ते मूल शाळेत न कळलेले घेऊन शिकवणीला जाते आणि तिथे आणखी काही न कळलेले घेऊन परत येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात एक विसंगती आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्याच कायद्याचे २९ वे कलम सांगते की शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे. आणि त्याचेच १२ वे कलम दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा ठेवते. मुंबईसारख्या शहरात या जागांची ओढ मुख्यतः इंग्रजी शाळांकडे आहे. म्हणजे सामाजिक न्यायाची वाट नेमकी त्या विहिरीकडे जाते जिथे गरीब मुलाला बिनभोपळ्याचे उतरायचे असते. म्हणून त्या पालकांना दोष द्यायचा का? मुळीच नाही. इंग्रजीवाचून वरची नोकरी नाही, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यावरून ताडले आहे आणि ते ताडणे खोटे नाही. मागणी बरोबर आहे. तिच्या बदल्यात त्यांना जे दिले जाते ते चुकीचे आहे.

सेंट लॅम्बर्टच्या प्रयोगाचीही एक मर्यादा पुढे दिसून आली, ती आपल्याला उपयोगी पडेल. मेरिल स्वेन या कॅनेडियन अभ्यासिकेने १९८५ साली दाखवले की इमर्शनमध्ये वाढलेल्या मुलांना फ्रेंच उत्तम समजते, पण त्यांचे बोलणे आणि लिहिणे त्या तोडीचे नसते. नामांच्या लिंगात आणि क्रियापदांच्या काळांत चुका वर्षानुवर्षे टिकून राहतात. कारण साधे होते. ही मुले वर्गात फ्रेंच ऐकत भरपूर, पण दीर्घ बोलण्या-लिहिण्याची वेळ त्यांच्यावर थोडी येई. शिवाय फ्रेंच ज्याची जन्मभाषा आहे असे कोणी त्यांच्या खेळगड्यांत नव्हते. म्हणजे सर्व अनुकूलता असूनही केवळ कानांनी भाषा पुरती येत नाही. आपल्या शाळांत इंग्रजी शिक्षिकेलाही दुसऱ्या भाषेसारखीच अवगत असते, साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला काही क्षण येतात आणि मधल्या सुटीत सगळे मैदान बंबैय्या हिंदीत खेळते. तिथे इंग्रजी तरी कितपत येणार? आम्ही पदवीच्या वर्गांत जी मुले पाहतो त्यांतली बरीचशी इंग्रजी शाळेत दहा वर्षे काढून आलेली असतात. मराठी कादंबरीचे पान त्यांना जड जाते, आणि इंग्रजी कादंबरीचे पानही हलके जात नाही. त्यांच्या बुद्धीत काही उणे नसते. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे ठेवून कोणत्याच घरात त्यांना बसू दिलेले नसते.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. उपनगरांत मराठी ही सगळ्यांची घरची भाषा नाही. मुलुंड-घाटकोपरला गुजराती घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अंधेरी पूर्वेच्या वस्त्यांत भोजपुरी, अवधी, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी मुले आहेत. गोरेगावला आरेच्या पाड्यांत वारली मुले आहेत. मुंबई महापालिकेने मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, कन्नड, तमिळ आणि तेलुगू अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवल्या, तो या शहराच्या भाषिक समंजसपणाचा एक पुरावाच आहे. यांतल्या बहुतेक मुलांना मराठी शिकायची ती दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून. म्हणजे इमर्शनचा खरा प्रश्न मराठीपुढेही उभा आहे, आणि तिथे शिकवणारे आपण आहोत.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आणि टप्प्याटप्प्याने ती लागू होऊ लागली. पुढे २०२३ मध्ये शासनाने राज्य मंडळाबाहेरच्या शाळांतील एका तुकडीपुरती अशी सवलत दिली की मराठीचे मूल्यमापन श्रेणीने व्हावे आणि ते एकूण गुणांत धरू नये. या सवलतीवर आपण बरेच संतापलो. पण या शाळांत मराठीच्या तासाला या आठवड्यात काय शिकवले जाते, हे विचारायला आपल्यापैकी कितीजण गेले? बहुतेक ठिकाणी चित्र एकच असते. मुळाक्षरे गिरवणे, बाराखडी, समानार्थी शब्दांची यादी, फळ्यावरून उतरवलेली प्रश्नोत्तरे. तास मराठीचा, पण सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत. सेंट लॅम्बर्टच्या पालकांनी ज्या फ्रेंचच्या तासाला कंटाळून बंड केले, नेमका तसा हा तास आहे. दहा वर्षे मराठी शिकूनही मुलाला भाजीवालीशी चार वाक्ये बोलता येत नाहीत. नपुंसकलिंग तर त्याला अखेरपर्यंत सापडत नाही. पुस्तक, घर, झाड या सगळ्यांना ते हिंदीच्या सवयीने स्त्रीलिंगी नाही तर पुल्लिंगी करून टाकते. फ्रेंच इमर्शनच्या मुलांची चूकही लिंगाचीच होती, हा योगायोग मौजेचा आहे. त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. ते मूल मराठी ऐकते कुठे, बोलते कोणाशी, हे विचारावे.

परक्या घरभाषेच्या मुलाला मराठीत कसे आणावे, याचा धडा महाराष्ट्राने एकदा घालून दिलेला आहे, आणि तो मुंबईपासून फार दूर नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुलाला प्रमाण मराठी ही जवळजवळ परभाषाच. या दोघींनी मुलांना शाळेत ओढून आणण्याआधी शाळा पाड्यावर नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना त्यातून आल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, मुलांच्या ओळखीचे खेळ आणि गाणी हे त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. मुलाची भाषा चुकीची ठरवून त्याला गप्प केले तर ते पुस्तकाच्या भाषेतही बोलणार नाही, हे त्यांना कोणत्याही परदेशी ग्रंथावाचून समजले होते. डहाणूच्या भागात ग्राममंगलने आणि वाड्याच्या भागात क्वेस्ट या संस्थेने पुढे हीच दिशा अधिक नेमकी केली. सेंट लॅम्बर्टच्या वीस वर्षे आधी आपल्याकडे भोपळा बांधणाऱ्या दोन बायका होत्या. त्यांची पुस्तके आपल्या ग्रंथालयांत आहेत. त्यांची रीत मात्र मुंबईच्या शाळांत पोहोचलेली नाही.

२०२५ सालचा वाद या संदर्भात आठवावा. एप्रिलमध्ये शासननिर्णय निघाला आणि पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ठरली. जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. निर्णय मागे जाणे योग्यच झाले. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादण्याला कोणताही शैक्षणिक आधार नव्हता. पण त्या दोन-अडीच महिन्यांत सारा महाराष्ट्र तिसऱ्या भाषेवर बोलत होता. पहिलीतले मूल पहिल्या दोन भाषांचे काय करते, याची चर्चा अपवादानेच झाली. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, पुढे सेमी-इंग्रजीचा प्रसार झाला, तेव्हाही असेच घडले होते. निर्णय भाषेच्या नावावर होतो, वाद अस्मितेच्या नावावर होतो आणि वर्गातला तास जसा होता तसाच राहतो.

फ्रेंचचा उल्लेख सुरुवातीला केला, तर मुंबईतल्या फ्रेंचविषयीही एक वाक्य लिहिले पाहिजे. आपल्याकडे अकरावीत प्रवेश घेताना असंख्य मुले मराठी सोडून फ्रेंच घेतात. दहा वर्षे शिकलेली भाषा टाकून वर्णमालेपासून नवी भाषा घ्यायची, कारण तिच्यात गुण अधिक मिळतात. त्या फ्रेंचमध्ये कोणाशी बोलायचे नसते, काही वाचायचे नसते, बारावीनंतर ती विसरायची असते. भाषा ही गुण मिळवण्याची क्लृप्ती आहे, हे आपल्या शिक्षणाने मुलांना शिकवलेले सर्वांत पक्के सूत्र. त्यामुळे आपला कार्यभार घटतो, विभाग आटतात, आणि आपण दुःख करतो. पण ज्या मुलाने दहा वर्षांत मराठीत एकही प्रश्न स्वतःहून विचारलेला नाही, त्याने ती सोडताना हळहळावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

काय करता येईल? कॅनडाच्या उदाहरणातून मला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. इंग्रजी शाळांच्या खालच्या इयत्तांत मुलाला त्याच्या भाषेत विचारू द्यावे आणि शिक्षिकेला समजावू द्यावे. उत्तर इंग्रजीत द्या, हरकत नाही, पण प्रश्न अडवू नका. यासाठी पैसा लागत नाही, फक्त दंडक मागे घ्यावा लागतो. आणि मराठीला भाषाविषयाच्या एका तासात कोंडून ठेवण्याऐवजी तिला काम द्यावे. चित्रकला, खेळ, गाणी, परिसराची ओळख, गोष्टींचा तास यांतला एखादा विषय पहिली-दुसरीत मराठीतून घ्यावा, मग घरची भाषा कोणतीही असो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली झाडे मुलाने मराठीतून ओळखली तर ती भाषा गुणपत्रिकेबाहेर जगू लागेल. हे छोट्या प्रमाणावरचे मराठी इमर्शनच असेल, आणि त्यासाठी शिक्षक तयार करणे हे मराठी विभागांचे काम आहे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात आपण भाषाविज्ञान शिकवतो, समीक्षेचे सिद्धांत शिकवतो. दुसरी भाषा म्हणून मराठी कशी शिकवावी हा प्रश्न त्यात फारसा कुठे भेटत नाही. आपले विद्यार्थी शाळांत शिक्षक म्हणून जातात आणि पहिल्याच दिवशी तमिळ भाषक मुलासमोर उभे राहतात, तेव्हा त्यांच्या हाती बाराखडीखेरीज काही नसते.

यावर आक्षेप असा येईल की सेंट लॅम्बर्टच्या पालकांनी फ्रेंच मागितली ती पोटासाठी, आणि मुंबईत मराठी पोटाला लागत नाही, मग ती कोण मागेल? हा आक्षेप खरा आहे. क्युबेकने १९७७ मध्ये कायदा करून फ्रेंचला कामाच्या जागेची भाषा केले आणि त्यानंतर ही मागणी पक्की झाली. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा आहे, पण तो मंत्रालयाच्या फायलींपलीकडे, बँका, कंपन्या, दुकाने यांच्या व्यवहारांत कधी पुरता उतरला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. तो दर्जा भूतकाळाचा गौरव करतो. अंधेरीच्या पहिलीतल्या मुलाला या आठवड्यात तो काही देत नाही. रोजगाराची लढाई वेगळी आणि लांबची आहे, ती लढलीच पाहिजे. पण तिची वाट पाहत वर्गातला तास तसाच ठेवण्याचे कारण नाही.

तेव्हा ज्यांच्या महाविद्यालयाशेजारी एखादी प्राथमिक शाळा आहे, आणि उपनगरांत ती नाही असे महाविद्यालय विरळा, त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर एक दिवस बसावे. पाण्याचा धडा चालू असेल. दूध आटले तर पाणी कुठे गेले, हा प्रश्न तिथे कोणी कोणत्या भाषेत विचारते का, एवढेच पाहावे आणि टिपून घ्यावे. आपल्या विभागाच्या पुढच्या बैठकीत समीक्षाव्यवहाराच्या आधी त्या टिपणावर बोलावे.